माळव्याच्या काळ्या मातीतला मोगरा : लागवड, छाटणी आणि वर्षभराची निगा

इंदुरातील मराठी घरांत चैत्रातले हळदीकुंकू म्हटले की कैरीची डाळ, पन्हे आणि मोगऱ्याचे गजरे ठरलेलेच असतात. मात्र ज्यांच्या अंगणात किंवा गच्चीवर मोगरा लावलेला आहे, त्यांनाही त्या दिवशी गजरे पुष्कळदा बाजारातूनच आणावे लागतात. नर्सरीतून आणलेले रोप पहिल्या उन्हाळ्यात कळ्यांनी लगडलेले असते, दुसऱ्या वर्षी फुले कमी होतात आणि त्यानंतर हिरव्या फांद्यांचे जाळे वाढत जाऊन फूल एखाददुसरेच दिसते. वास्तविक मोगरा हे अतिशय चिवट झाड आहे. मे महिन्यातले चाळीस अंशांवरचे ऊन ते सोसते, दोन-चार दिवस पाणी चुकले तरी तग धरते आणि नीट लागले की दहा-पंधरा वर्षे एकाच जागी फुलत राहते. असे झाड फुलेनासे होते, तेव्हा बहुधा हिवाळ्यात त्याला विश्रांती मिळालेली नसते आणि संक्रांतीनंतर त्याच्यावर कात्री चाललेली नसते. इंदूर, देवास, महू, उज्जैन या भागात काळ्या मातीची अडचण त्यात आणखी भर घालते. मोगरा प्रथमच लावणाऱ्यांनी या तीन गोष्टी नीट समजून घेतल्या, तर बाकीची निगा फार अवघड नाही.

कळी कोठे येते, हे आधी पाहावे

फुललेल्या मोगऱ्याची एक फांदी हातात धरून नीट न्याहाळावी. कळ्या जुन्या, तपकिरी पडलेल्या लाकडावर कोठेच नसतात. त्या नुकत्याच फुटलेल्या, पोपटी रंगाच्या कोवळ्या फुटव्याच्या टोकाला असतात. बहुतेक ठिकाणी तीन कळ्यांचा झुबका दिसतो आणि त्यातली मधली कळी आधी टपोरी होऊन आधी उमलते. ज्या फुटव्याला एकदा फुले येऊन गेली, त्या टोकाला पुन्हा कळी धरत नाही. त्याच्या खालच्या पानांच्या बेचक्यातून नवा फुटवा निघावा लागतो. म्हणजे जितके नवे फुटवे, तितकी फुले. छाटणी, खत आणि पाणी यांची सगळी वेळापत्रके याच एका गोष्टीवर आधारलेली आहेत, म्हणून ती पाठ करण्यापेक्षा झाडाची ही रीत ध्यानात ठेवणे अधिक उपयोगाचे आहे.

वाण आणि रोप

नर्सरीत मोगऱ्याचे अनेक प्रकार मिळतात आणि त्यांची नावे नर्सरीगणिक बदलतात, त्यामुळे नावावर विसंबून न राहता फुललेले किंवा कळ्या धरलेले रोप पाहून निवड करावी. वाटोळ्या कळीचा आणि दुहेरी पाकळ्यांचा मोतिया गजऱ्यासाठी चांगला. मदनबाणाची कळी लांबट आणि टोकदार असते, ती ओवायला सोपी जाते आणि सुगंधही तीव्र असतो. बटमोगऱ्याचे फूल लहानशा गुलाबासारखे गच्च भरलेले असते. ते दिसायला फार सुंदर असले तरी या झाडाला फुले कमी येतात आणि वाढही सावकाश होते, म्हणून पहिलेच झाड बटमोगऱ्याचे घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मोतिया किंवा मदनबाण यांपैकी एकाने सुरुवात करावी.

रोप निवडताना उंचीला भुलू नये. दीड फूट उंचीचे, पण बुंध्यापासून तीन-चार फांद्या फुटलेले रोप हे तीन फुटांच्या एकाच किडकिडीत दांड्यापेक्षा कधीही सरस असते. पिशवीच्या तळाच्या भोकांतून मुळांचा गुंता बाहेर आला असेल, तर ते रोप त्या पिशवीत फार काळ अडकून पडलेले आहे असे समजावे. पानांची खालची बाजू उलटून पाहावी. तेथे बारीक जाळी, पांढरा कापसासारखा पुंजका किंवा मुंग्यांची ये-जा दिसली, तर ते रोप घरी आणू नये.

जागा

मोगऱ्याला दिवसातून किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. घराच्या उत्तर भिंतीशी किंवा आंबा, अशोक अशा मोठ्या झाडांच्या सावलीत तो जगतो, पण फुलत नाही. पूर्वेकडचे किंवा दक्षिणेकडचे अंगण उत्तम. पश्चिमेचे ऊनही त्याला चालते. फक्त सिमेंटच्या भिंतीला अगदी चिकटून झाड लावू नये, कारण एप्रिल-मेमध्ये भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि पाने कोरडी पडून लाल कोळी या किडीला आयते निमंत्रण मिळते. भिंतीपासून दोन फूट आणि दोन झाडांत चार फूट अंतर ठेवावे.

काळी माती

माळव्यातील काळी माती सुपीक आहे यात वाद नाही. गहू, हरभरा आणि सोयाबीन यांना ती मानवते. मोगऱ्यासाठी मात्र तिच्यावर थोडे काम करावे लागते. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचून मुळांना हवा मिळत नाही, आणि उन्हाळ्यात तिला बोटभर रुंदीच्या भेगा पडून मुळे तुटतात. शिवाय ही माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असते, त्यामुळे लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही.

यावर सर्वसाधारणपणे सुचवला जाणारा उपाय म्हणजे खोल खड्डा खणून त्यात पोयटा, रेती आणि खत यांचे हलके मिश्रण भरणे. सपाट काळ्या जमिनीत हा उपाय अंगाशी येतो. भोवतालची घट्ट चिकण पाणी झिरपू देत नाही, मधल्या भुसभुशीत मिश्रणात मात्र ते झपाट्याने शिरते, आणि जुलैच्या झडीत तो खड्डा म्हणजे पाण्याने भरलेला, तळाला भोक नसलेला माठ होऊन बसतो. मुळे त्यातच कुजतात. त्याचप्रमाणे काळ्या मातीत थोडीशी बारीक रेती मिसळण्यानेही काही साधत नाही. ते मिश्रण वाळल्यावर अधिकच टणक होते. रेतीऐवजी भरपूर कुजलेले खत आणि भरड मुरूम मिसळावा आणि झाड जमिनीच्या पातळीवर न लावता उंचवट्यावर लावावे.

उंचवटा करण्याची रीत अशी. साधारण तीन फूट लांब-रुंद जागेतली माती एक कुदळ खोल खणून मोकळी करावी. हे काम माती वाफशावर, म्हणजे ना चिंब ना कोरडी, असतानाच करावे. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली, तर तिची ढेकळे होतात आणि ती वाळल्यावर हातोडीनेही फुटत नाहीत. खणलेल्या मातीच्या दोन भागांत एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग भरड मुरूम मिसळावा. या मिश्रणाचा आसपासच्या जमिनीपेक्षा नऊ ते बारा इंच उंच गादीवाफा करावा, कडेला विटा उभ्या लावून तो सावरावा आणि पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी एका बाजूला उतार ठेवावा. एकच झाड लावायचे असले तरी एवढी मेहनत घ्यावी, कारण झाड लागल्यानंतर त्याच्या मुळांखालची माती सुधारता येत नाही.

लागवड

लागवडीला दोन वेळा योग्य आहेत. पहिली फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत, थंडी ओसरल्यावर आणि उन्हाचा कडाका सुरू होण्याआधी. दुसरी जूनअखेर ते जुलै, पावसाची सुरुवात झाल्यावर. नवशिक्यांनी पावसाळ्याची वेळ साधावी. हवेत ओलावा असल्यामुळे रोप कोमेजत नाही आणि हिवाळ्यापर्यंत मुळे पसरायला चार महिने मिळतात. गादीवाफा मात्र पावसाआधी, मेअखेरीसच तयार करून ठेवावा.

रोप लावण्याच्या आदल्या संध्याकाळी पिशवीला पाणी द्यावे. पिशवी ब्लेडने उभी कापून मातीचा गोळा न फोडता बाहेर काढावा. गोळ्याच्या तळाशी मुळे गोल गोल फिरलेली असतील, तर ती बोटांनी अलगद मोकळी करावीत. अन्यथा ती जमिनीत गेल्यावरही तशीच फिरत राहतात. पिशवीत रोप जितके खोल होते, तितकेच येथे ठेवावे, बुंधा अधिक पुरू नये. माती हाताने दाबून बसवावी, पायाने तुडवू नये. लगेच पाणी द्यावे आणि बुंध्यापासून दोन बोटे अंतर सोडून वाळलेल्या पानांचा तीन इंचांचा थर पसरावा. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत येणाऱ्या कळ्या खुडून टाकाव्यात. हे जिवावर येते, परंतु त्या वेळी झाडाची ताकद मुळांकडे जाणे महत्त्वाचे असते.

खत, आणि इंदूरचेच कंपोस्ट

ज्या शहरात आपण हा मोगरा लावत आहोत, त्या शहराच्या नावाने जगभर ओळखली जाणारी कंपोस्टची एक पद्धत आहे, हे इंदूरच्या प्रत्येक बागकर्त्याला माहीत असायला हवे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’चे संचालक होते. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या या संस्थेत त्यांनी यशवंत वाड यांच्यासह शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांच्यापासून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये ती प्रसिद्ध केली. ‘इंदूर पद्धत’ हे तिचे नाव तेव्हापासून रूढ आहे. त्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे.

घरच्या अंगणात याच पद्धतीची लहान आवृत्ती सहज करता येते. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय या शहराला लागलेली असल्यामुळे निम्मे काम आधीच झालेले असते. तीन फूट लांब, तीन फूट रुंद जागेत वाळलेल्या पानांचा सहा इंचांचा थर द्यावा, त्यावर स्वयंपाकघरातील भाजीपाल्याची देठे व साली पसराव्यात, त्यावर शेणाचा पातळ काला शिंपडावा आणि शेवटी मूठभर बागेतील माती व चिमूटभर लाकडाची राख भुरभुरावी. असे थर तीन फूट उंचीपर्यंत रचावेत. ढीग ओलसर असावा, पण मूठ दाबली असता त्यातून पाणी निथळू नये. साधारण दोन आठवड्यांनी, नंतर महिन्याने आणि पुन्हा दोन महिन्यांनी ढीग वरखाली करावा. आतला गरम भाग बाहेर आणि बाहेरचा आत. खालीवर करणे टाळले, तर हवा न मिळाल्याने ढिगाला दुर्गंधी येते आणि तीन महिन्यांचे काम सहा महिने रखडते. तयार खत काळसर, भुसभुशीत असते आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. अर्धवट कुजलेले खत मोगऱ्याला कधीही घालू नये.

जमिनीतील दोन-तीन वर्षांच्या झाडाला छाटणीनंतर आठ ते दहा किलो कंपोस्ट आणि शे-दीडशे ग्रॅम निंबोळी पेंड द्यावी, आणि याच्या निम्मे प्रमाण जूनअखेर पुन्हा द्यावे. नर्सरीवाले हाडांचा चुरा आग्रहाने सुचवतात; आपल्या अल्कधर्मी मातीत तो फारच सावकाश विरघळतो, त्यामुळे त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. युरिया टाकू नये. नत्र जास्त झाले की पाने रुंद, गडद हिरवी होतात, फांद्या लांबलचक वाढतात आणि कळ्या धरत नाहीत.

पाणी

जमिनीतील झाडाला उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी एकदा, पण भरपूर पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाणी घातले, तर वरची दोन इंच मातीच ओली राहते आणि मुळेही तेवढ्याच भागात घुटमळतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे. तेथे ओल लागली, तर पाणी देऊ नये. कळ्या धरल्यानंतर मात्र पाण्याचा ताण पडू देऊ नये, कारण माती एकदा पूर्ण कोरडी पडून नंतर एकदम चिंब झाली की कळ्या देठासकट गळतात.

इंदुरात नर्मदेचे पाणी अनेक वसाहतींत एक दिवसाआड येते आणि बागेला बहुतेक जण बोअरचे पाणी घालतात. बोअरचे पाणी जड असते; कुंडीच्या काठावर आणि मातीच्या वर पांढरा थर दिसू लागला, तर क्षार साठत आहेत असे समजावे. पावसाळ्यात छतावरचे पाणी एखाद्या टाकीत साठवता आले, तर ते मोगऱ्यासाठी राखून ठेवावे. ते शक्य नसेल, तर महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून पाणी वाहून जाईल इतके भरपूर पाणी घालून क्षार धुऊन काढावेत.

विश्रांती आणि छाटणी

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. दिवाळीनंतर थंडी वाढू लागली की मोगऱ्याची वाढ मंदावते. या काळात झाडाला निजू द्यायचे असते. पुष्कळ जण मायेपोटी नेमके उलट करतात: पाने निस्तेज दिसू लागली म्हणून खत घालतात, पाणी वाढवतात. नोव्हेंबरपासून खत पूर्ण बंद करावे आणि पाणी हळूहळू कमी करत न्यावे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत जमिनीतील मोठ्या झाडाला पाणी देऊच नये. फळबागेत बहर धरण्यासाठी जसा ताण देतात, तसाच हा ताण. खालची पाने पिवळी होतील, काही गळतील; घाबरण्याचे कारण नाही. काळी माती ओल धरून ठेवते, त्यामुळे झाड मरत नाही. एक वर्षाच्या आतील रोपांना आणि कुंड्यांना मात्र एवढा कडक ताण देऊ नये. त्यांना आठ-दहा दिवसांनी थोडे पाणी द्यावे.

छाटणी संक्रांतीनंतर करावी. संक्रांतीपासून वसंतपंचमीच्या आसपासपर्यंतचा काळ माळव्यासाठी योग्य आहे. दक्षिणेत ती नोव्हेंबरअखेरीसच करतात. ते वेळापत्रक वाचून आपल्याकडे घाई करू नये, कारण डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की छाटणीनंतर फुटलेले कोवळे अंकुर काळे पडतात.

सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार असावा आणि स्पिरिटने पुसून घ्यावा. बोथट कात्रीने फांदी चेचली जाते आणि चेचलेल्या टोकातून मर खाली उतरत येते. आधी सुकलेल्या फांद्या काढाव्यात. फांदी जिवंत आहे की नाही, याची शंका असेल, तर साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवी ओलसर रेघ दिसली तर ती जिवंत, करडी-तपकिरी कोरडी दिसली तर मेलेली. त्यानंतर पेन्सिलीपेक्षा बारीक, एकमेकींत गुंतलेल्या आणि झाडाच्या आतल्या बाजूला वळलेल्या फांद्या बुडापासून काढाव्यात, म्हणजे मध्यभागी ऊन आणि वारा पोहोचतो. आता उरलेल्या पाच-सात जाड, निरोगी फांद्या जमिनीपासून साधारण दीड फुटावर कापाव्यात. प्रत्येक काप बाहेरच्या दिशेने तोंड असलेल्या डोळ्याच्या (पानाच्या बेचक्यातील अंकुराच्या) पाव इंच वर, किंचित तिरका घ्यावा. फांद्यांवर राहिलेली सगळी पाने हाताने खुडून टाकावीत. पाने ओरबाडू नयेत. देठ धरून वर उचलले की पान अलगद निघते आणि त्याच्या बेचक्यातला डोळा शाबूत राहतो.

काम संपल्यावर झाड उघडेबोडके दिसते आणि घरातील वडीलधाऱ्यांना ते पाहवत नाही. त्यांना पंधरा-वीस दिवस धीर धरायला सांगावे. छाटणीनंतर बुंध्याभोवतीची वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने हलक्या हाताने बाजूला करून ती चार-पाच दिवस उन्हात तापू द्यावी. नंतर आळे करून वर सांगितलेले खत द्यावे, माती सारखी करावी आणि पहिले पाणी भरपूर देऊन ताण तोडावा. फेब्रुवारीच्या मध्यापासून प्रत्येक पेरातून दोन-दोन पोपटी फुटवे निघताना दिसतात आणि त्यांच्या टोकांना मार्चअखेरपासून कळ्या धरू लागतात. मुख्य बहर एप्रिल ते जून.

एक बहर ओसरला की फुले येऊन गेलेली टोके दोन पानजोड्यांपर्यंत खुडावीत. असे केल्याने चार-पाच आठवड्यांत पुन्हा कळ्या येतात आणि पावसाळ्यातही अधूनमधून फुले मिळत राहतात. जोरदार छाटणी मात्र वर्षातून एकदाच.

कळ्या केव्हा तोडाव्यात

मोगरा संध्याकाळनंतर उमलतो. गजऱ्यासाठी सूर्यास्तापूर्वी तासभर आधी, पूर्ण टपोरी आणि दुधासारखी पांढरी झालेली कळी निवडावी. हिरवट झाक असलेली कळी तोडली तर ती घरी उमलत नाही, तशीच पिवळी पडते. कळ्या ओल्या सुती कापडात सैल गुंडाळाव्यात. पिण्याच्या पाण्याच्या माठात टाकायच्या कळ्या ज्या झाडावर कोणतीही फवारणी झालेली नाही, अशाच झाडाच्या घ्याव्यात.

पाने पिवळी पडली तर

पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे, हे आधी पाहावे. टोकाची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्यातील शिरा मात्र हिरव्या, असे जाळीदार चित्र दिसले, तर ती लोहाची कमतरता आहे. आपल्या मातीत ती फार आढळते आणि शेतकरी तिलाच केवडा पडणे म्हणतात. दुर्लक्ष झाल्यास नवी पाने जवळजवळ पांढरी होतात आणि कडा करपतात. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून, गाळून, संध्याकाळी पानांवर फवारावे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक-दोनदा फवारणी करावी. जुनी पिवळी पाने पूर्ण हिरवी होत नाहीत, नवी पाने हिरवी आली की उपाय लागू पडला असे समजावे. नुसता हिराकस मातीत टाकला, तर चुनखडीमुळे तो लवकरच निरुपयोगी होतो. मातीतून द्यायचे असल्यास ‘ईडीडीएचए’ प्रकारचे चिलेटेड लोह मागून घ्यावे. ‘ईडीटीए’ प्रकार अल्कधर्मी मातीत टिकत नाही.

याउलट खालची जुनी पाने संपूर्ण पिवळी होत असतील आणि माती सतत ओली असेल, तर मुळांशी पाणी साचत आहे. तेथे खत नव्हे, निचरा हवा.

कीड

पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी सर्वाधिक त्रास देतो. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खालच्या बाजूला धुळीसारखी जाळी दिसते. दोन-तीन दिवस सकाळी नळीने पानांच्या खालून जोराचा फवारा मारला, तर बहुतेक वेळा एवढ्यावरच भागते. गंधकाची फवारणी पारा ३२ अंशांवर असताना करू नये, पाने भाजतात. म्हणजे इंदुरात एप्रिल-मेमध्ये ती टाळलेलीच बरी.

कळीला बारीक गोल छिद्र आणि दोन-तीन कळ्या रेशमी धाग्याने एकत्र गुंफलेल्या दिसल्या, तर आत कळी पोखरणारी अळी आहे. कळ्या न उमलता जांभळट होऊन, बुडाशी फुगून गळत असतील, तर ते कळीमाशीचे काम. दोन्हींवर पहिला उपाय एकच: अशा सर्व कळ्या, गळून पडलेल्यासुद्धा, रोज वेचून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. कळीमाशीचे कोष मातीत तयार होतात, म्हणून बुंध्याखालची माती खुरप्याने हलवत राहावी. प्रादुर्भाव वाढला, तर लिटरभर पाण्यात पाच मिलि निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून, दर आठ दिवसांनी, सूर्यास्तानंतर फवारावे.

कुंडीत लावायचा असेल तर

कुंडी बारा ते चौदा इंचांची, शक्यतो भाजलेल्या मातीची आणि तळाला मोकळे भोक असलेली घ्यावी. बागेतील माती आणि कंपोस्ट समप्रमाणात आणि त्यांच्या निम्मी भरड रेती, असे मिश्रण भरावे. कुंडी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर थेट न ठेवता दोन विटांवर ठेवावी. मेमध्ये रोज, आणि लू वाहत असेल तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. दर महिन्याला दोन मुठी कंपोस्ट पुरे. दर दोन वर्षांनी, छाटणीच्याच वेळी, झाड कुंडीतून काढून बाहेरच्या कडेची सुमारे एकतृतीयांश मुळे कापावीत आणि नवी माती भरून ते पुन्हा लावावे.

नवी रोपे

दाब कलम सर्वांत सोपे. जुलैमध्ये बुंध्याजवळची एक लवचीक फांदी जमिनीकडे वाकवावी, टोकापासून फूटभर अंतरावर पेराच्या खालची साल इंचभर खरवडावी, तो भाग दोन इंच मातीखाली दाबून वर वीट ठेवावी आणि टोक बाहेर मोकळे राहू द्यावे. पाऊस थांबला तर तेवढी जागा ओली ठेवावी. दसऱ्याच्या सुमारास वीट उचलून माती बोटांनी बाजूला करून पाहावी. पांढरी मुळे भरपूर दिसली, तर मातृझाडाच्या बाजूने फांदी कापावी, पण रोप लगेच हलवू नये. आठवडाभर ते तेथेच स्वतःच्या मुळांवर उभे राहू द्यावे, मग मातीसह उचलून लहान कुंडीत लावावे आणि पहिला हिवाळा थंड वाऱ्यापासून आडोशाला ठेवावे. जमिनीत त्याची लागवड पुढच्या फेब्रुवारीत करावी, आणि गादीवाफा त्याआधीच, माती वाफशावर असताना, तयार ठेवावा.